आमच्या गावात वास कुठून येतो

नांदुऱ्याहून थोडं आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात शिरताना डाव्या हाताला पहिलं जे पत्र्याचं शेड दिसतं, ती माझी मसाल्याची गिरणी, घराला लागूनच. उन्हाळा लागला की बाया मिरच्या, धने, खोबरं घेऊन येतात. ज्यांना घरी भाजायला सवड नसते त्यांचं भाजूनही मीच देते. धने किती भाजले हे मी रंगावरून नाही, वासावरून ठरवते. कढईकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी खोबरं करपायच्या आधी मला कळतं. निदान मी तसं समजत होते, आणि गावही तसंच समजत होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कढईत धने होते आणि मधेच कुजका वास आला. मला वाटलं, कुणाचं तरी खोबरं खवट निघालं. गॅस बंद केला आणि एकेक पिशवी उघडून हुंगली. सगळा माल चांगला होता. बाहेर आले तर वास बाहेरच जास्त. ओला, आंबलेला, नाकाच्या मुळाशी टोचणारा. शेजारच्या ओट्यावर आमचे भाऊजी तंबाखू मळत बसले होते. नात्यातले नाहीत, पण रेल्वेतून निवृत्त होऊन आल्यापासून शेजारी आहेत.

"वहिनी, काय जाळून राह्यल्या?" त्यांनीच मला विचारलं.

"मी काई नाई जाळून राह्यली. मीच तुमाले विचाराले आली."

दोघं थोडा वेळ नाक वर करून उभे राहिलो. मग वास गेला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या आठवड्यात गिरणीवर आलेल्या प्रत्येक बाईनं एकच विषय काढला, आणि प्रत्येकीचं उत्तरही एकच होतं. खताचा कारखाना.

कारखाना गावाच्या पश्चिमेला, रस्त्याला लागून. पोल्ट्रीतली कोंबडीची विष्ठा ट्रकनं येते, ढीग लावतात, कुजवतात, वाळवून त्याचं दाणेदार खत करतात. सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. आणि माझे मालक तिथंच कामाला होते, गाड्या भरण्यावर. म्हणून बाया माझ्यासमोर कारखान्याचं नाव घ्यायच्या, मग माझ्याकडे बघायच्या आणि मिरचीच्या भावाकडे वळायच्या.

मी रात्री जेवताना यांना विचारलं, "लोक म्हनतेत कारखान्याचा वास येते. तुमाले येते का?"

"मले तं काईच येत नाई."

"तुमच्या सदऱ्याले येते. मी रोज येगळा धुते."

"घामाचा असन," ते म्हणाले आणि भाकरी मागितली.

ते खोटं बोलत नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचं खोटं बोलणं मला कळतं. पण मलाही जे येत होतं ते खरंच येत होतं. एका घरात, एका ताटाशेजारी बसून दोघांपैकी एकाला वास येतो आणि एकाला नाही, याचं काय करायचं ते मला समजेना.

भाऊजींची मुलगी नांदुऱ्याला कॉलेजात विज्ञान शिकवते. गावातूनच स्कूटीनं जाते-येते. एका रविवारी तिनं ग्रामपंचायतीच्या सभागृहात आम्हा दहा-बारा जणांना बोलावलं. ती म्हणाली, "नुसतं वास येतो, वास येतो म्हणून अर्ज दिला तर साहेब येतील, त्या दिवशी वास नसेल, आणि ते परत जातील. आपण आधी आपलं लिहून ठेवू. कधी आला, कुठं आला, किती आला, कशासारखा होता आणि वारा कुठून होता." तिनं मोबाइलवर एक सोपं पान तयार केलं होतं. शून्य ते पाच आकडे. शून्य म्हणजे वास नाही, पाच म्हणजे उभं राहवत नाही. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर यायचं, चुलीपासून लांब उभं राहायचं, हुंगायचं आणि नोंदवायचं.

"आन नाईच आला तं?" एकीनं विचारलं.

"तरी लिहायचं. शून्य लिहायचं."

"जे नाईच हाय ते कायले लिहाव व पोरी?"

सगळे हसले. मीही हसले. ती म्हणाली, शून्य नसतील तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ राहणार नाही. मला ते तेव्हा पटलं नाही.

मग तिनं नाकांची परीक्षा घेतली. तीन-तीन बाटल्या पुढं ठेवायच्या, त्यातल्या एकीत अगदी हलका वास, बाकी दोन्हींत नुसतं पाणी. वासाची ओळखायची, आणि दर खेपेला वास आणखी हलका. सगळे म्हणाले, आधी हिला द्या, हिचं नाक म्हणजे मशीन आहे. मीही पदर सावरून पुढं बसले. पहिली बाटली ओळखली. दुसरी ओळखली. त्याच्या पुढं तिन्ही बाटल्या मला सारख्याच. मी अंदाजानं एक उचलली, ती चुकली. पुढचीही चुकली. माझ्या मागून भाऊजी आले, तोंडात तंबाखू होता तो थुंकून, चूळ भरून बसले, आणि त्यांनी सगळ्या बरोबर ओळखल्या.

"तुम्ही रोज तिखटात बसता ना काकू," पोरगी हळूच म्हणाली. "त्यानं होतं असं. काही वाईट नाही त्यात. तुमचं नाक कसं आहे ते कळलं, बस."

मला मात्र ते कळलं नव्हतं. जे नाक खोबऱ्याचं सांगतं ते बाटलीचं का सांगत नाही? घरी येऊन मी धन्याचा डबा उघडला आणि हुंगत बसले. वास होता. पण तो आत्ता येतोय की धन्याचा वास कसा असतो हे मला आठवतंय, याची मला पहिल्यांदाच शंका आली.

तरी मी लिहीत राहिले. वाऱ्यासाठी पोरीनं माझ्या शेडवर बांबू बांधून त्याला जुन्या साडीची पट्टी लावली. तिथंही माझा घोळ व्हायचा. पट्टी पूर्वेला, गावाकडे उडाली की मी पूर्वेचा वारा लिहायची. ती समजवायची, "काकू, वारा जातो कुठं ते नाही, येतो कुठून ते लिहायचं." मला पुन्हा बाहेर जाऊन, कारखान्याकडे तोंड करून, गालाला वारा लागतो का ते बघावं लागायचं. किती नोंदी मी उलट्या केल्या असतील, देव जाणे. तिनं सुरुवातीच्या माझ्या नोंदी सगळ्या बाजूला ठेवल्या.

'कशासारखा' या रकान्यानं तर आणखी गोंधळ केला. एकाच संध्याकाळी एकाच गल्लीतून एकानं लिहिलं, मेलेला उंदीर. दुसऱ्यानं लिहिलं, शाळेची मुतारी. कुणी लिहिलं, ओली पिसं. माझ्या जावेनं लिहिलं, आंबलेली कणिक. मी लिहिलं होतं, भिजलेलं गोणपाट. आम्ही एकाच वासाबद्दल लिहीत होतो की पाच वेगळ्या, ते कोण सांगणार?

हे सगळं चालू असताना घरात बोलणं कमी झालं होतं. एकदा मी ओट्यावर उभी राहून मोबाइलवर चार आकडा दाबत होते, तर मालक मागं येऊन उभे राहिले.

"लिही, लिही. माया पोटावर पाय दे."

"मी कुनाचं नाव नाई लिहीत. नुसता वास लिहिते."

"वासाले नाव नसते का? समद्या गावानं दिलं हाय ना त्याले नाव."

मी दाबलेला चार खोडला नाही. पण त्यानंतर हुंगायला उभी राहिले की वाटायचं, मला यांच्यावर राग आहे म्हणून वास जास्त येतोय का? किंवा यांची भीती वाटते म्हणून कमी? तीन लिहू की दोन, यावर मी कितीतरी वेळ उभी राहायची. कढई आत तापत असायची.

मग मेहकरला यांच्या बहिणीच्या मालकांचं हाड मोडलं. दवाखान्याची धावपळ करायला घरात कुणी नव्हतं म्हणून हे रजा टाकून तिकडे गेले, आणि चार दिवसांसाठी गेलेले बरेच दिवस राहिले. परत आले ते संध्याकाळच्या बसनं. मी अंगणात होते. ठरलेली वेळ झाली होती, हुंगून झालं होतं, काही आलं नव्हतं, शून्य लिहून मी मोबाइल कमरेला खोचत होते. हे दारात आले आणि पिशवी हातात धरून तसेच थांबले.

"हा कायचा वास हाय व?"

मला वाटलं, माझी मस्करी करतायत. "कोनता वास?"

"तुले येऊन नाई राह्यला?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत गेले, खुंटीवरचा सदरा काढला, धुतलेला होता, तो नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "ह्याले बी येऊन राह्यला." मग उंबऱ्यावर बसले. "मी एवढे दिवस ह्याच्यात होतो?"

मी पुन्हा बाहेर गेले. डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. काहीच नाही. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "हाव, हाय थोडासा. मी दोन टाकला." म्हणजे ज्याला कधीच येत नव्हता त्याला आला होता, आणि जिला रोज यायचा तिला येत नव्हता. मी वर पट्टीकडे बघितलं. ती कारखान्याच्या दिशेला उडत होती. वारा पूर्वेकडून होता. कारखाना पश्चिमेला. मग हा वास आला कुठून?

मी पोरीला सांगितलं, तर तिनं मला घरात नेऊन गावाचा मोठा नकाशा दाखवला. त्यावर तिनं सगळ्यांच्या नोंदींचे ठिपके काढले होते, कुजक्या वासाचे लाल. पश्चिमेच्या वाऱ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत लाल ठिपके दाट होते, ते बरोबरच होतं. पण पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशीही नाल्याच्या बाजूला लाल ठिपके होते. "मला वाटलं होतं, काही लोक दिशा चुकतायत," ती म्हणाली. मी नकाशावर आणखी वाकले. "पण आता तुमच्या घरचं ऐकलं, तर बघून यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, भाऊजी आणि मी नाल्याच्या काठानं पूर्वेला चालत गेलो. फार लांब जावं लागलं नाही. बांधाबांधावर ढीग पडले होते. कारखाना दाणेदार खताबरोबर कच्चा मालही स्वस्तात ट्रॉलीनं विकत होता, आणि पेरणीच्या आधी टाकायला म्हणून अर्ध्या गावानं तो घेऊन ठेवला होता. उघडाच. मध्ये अवकाळी पाऊस झाला होता, ढीग भिजले होते, वरून ऊन लागलं होतं. जवळ गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं. एक ढीग आमच्याच वाटणीच्या शेतात होता, माझ्या दिरानं टाकलेला. मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

"आता हा वास कुनाचा म्हनायचा?" भाऊजींनी विचारलं. "कारखान्याचा का आपला?"

पोरगी मोबाइल काढून ढिगाजवळ वाकली. तिनं फोटो काढले. त्या ढिगाजवळ आम्ही बोलत उभे राहिलो आणि निघताना माझ्या लक्षात आलं की मला आता काही येतच नाहीये. भाऊजींनाही नाही. पोरीनं तेही लिहून घेतलं.

परत येताना ती थोडी अडखळत म्हणाली, "काकू, अजून एक सांगायचं राहिलं. लाल सोडून थोडे पिवळे ठिपके पण आहेत. तिखट, ठसका, डोळे चुरचुरतात, असं लिहिलंय लोकांनी. ते सगळे तुमच्या शेडच्या मागच्या घरांजवळ आहेत."

मी आधी हसले. मसाल्याचा वास! तो काय असा लिहायचा वास आहे? त्या वासानं लोक वाट वाकडी करून येतात. मग हसू गेलं. नोंद कुणाची ते तिनं सांगितलं नाही, तसं ठरलंच होतं. पुढं बरेच दिवस मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होते, ही असेल का, ती असेल का. त्याच बाया चटणी कांडून घेत होत्या आणि म्हणत होत्या, काय घमघमाट सुटला व.

उन्हाळा संपता संपता ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंचबाईंनी कारखान्याच्या व्यवस्थापकांना बोलावलं. ते बाहेरचे, हिंदी मिसळून बोलणारे. पोरीनं नकाशा भिंतीला लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, पश्चिमेचं, पूर्वेचं आणि पिवळ्या ठिपक्यांचंही. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "देखिए मॅडम, आमचे मजदूर दिनभर तिथंच असतात. त्यांना कधी बास आली नाही. तुमच्या गावचेच लोक आहेत, विचारा."

सभागृहात मागं कामगार उभे होते. त्यांत हे होते. मी मान खाली घालून बसले होते. मग यांचा आवाज ऐकू आला.

"साहेब, मी मेहकरले गेलो होतो. वापस आलो तं मले वास आला. तुमाले सांगतो, उभं राहवे ना. मंग चार दिवस कामाले आलो, आन आता पुन्हा येत नाई. म्हून वास नाई, असं मले म्हनता नाई येत. हाय, असं बी आता म्हनता येत नाई. पन त्या दिवशी होता."

व्यवस्थापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, गेलं काम. पण ते म्हणाले की ते स्वतः सुट्टीवरून परत आले की पहिल्या दिवशी त्यांनाही डोकं धरतं. ते म्हणाले आणि त्यांनाच ते म्हटल्याचं नवल वाटल्यासारखं दिसलं.

ठरलं ते असं. कारखान्यानं ढिगांवर छप्पर घालायचं, आणि ज्यानं वास उठतो ते ढीग उलथायचं काम संध्याकाळी, वारा पडून वास साचतो तेव्हा, न करता उन्हं चढल्यावर करायचं. शेतकऱ्यांनी कच्चा माल आणला तर त्यावर माती टाकायची. यावर बरीच कुरकुर झाली, माझा दीर सगळ्यात जास्त कुरकुरला. मी उठून सांगितलं की मी भाजणं दुपारच्या आत आटपेन आणि धुराडं उंच करीन. ते सांगताना माझा आवाज रागावल्यासारखा निघाला. मी कुणावर रागावले होते, मला माहीत नाही.

रस्त्यानं घरी येताना मी यांना म्हणाले, "तुमी बोलसान असं वाटलं नवतं."

"मले बी," ते म्हणाले.

यांचं काम गेलं नाही. भरण्यावरून काढून त्यांना फाटकावर वजनकाट्याजवळ बसवलं. ही बढती आहे की शिक्षा, यावर आम्ही अजून बोलतो.

छप्पर झालं. मातीही काहींनी टाकली. मग पावसाळा आला आणि लाल ठिपके जवळजवळ बंद झाले. सगळे म्हणाले, बघा, वास गेला. पण पावसाळ्यात वाराही वेगळा असतो, ढीगही शेतात पसरून गेलेले असतात. छपरानं गेला की पावसानं गेला? पोरगी म्हणाली, "अजून एक उन्हाळा बघावा लागेल, काकू." हा उन्हाळा बघितला. ठिपके कमी आले, खरंच कमी आले. पण लिहिणारेही कमी झाले होते. काहींना कंटाळा आला, एकाचा मोबाइल फुटला, एक बाई मुलाकडे गेली. वास कमी म्हणून ठिपके कमी, की हुंगणारे कमी म्हणून? आता मला कळलं होतं की तिनं शून्य का लिहायला लावलं होतं. ज्यांनी शून्य लिहिलं होतं त्यांचं तेवढं धरता येत होतं. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं त्यांचं काय समजायचं?

एकदा सगळ्यांनी शून्य लिहिलं आणि मी एकटीनं तीन. मी तिला फोन करून म्हणाले, "मायं खोडून टाक. मायंच चुकलं असन."

"नाही काकू. राहू द्या. त्यांचं शून्य पण राहील, तुमचे तीन पण राहतील."

पिवळे ठिपके धुराडं उंच केल्यावर थांबले. त्याचं मला समाधान वाटायला पाहिजे. वाटतंही. पण मागच्या घरातली एक बाई परवा म्हणाली, आता तुमच्याकडे मसाला भाजतात का नाही तेच कळत नाही, पहिलेसारखा वास सुटत नाही.

गेल्या महिन्यात देऊळघाटच्या बायकांच्या एका गटानं पोरीला बोलावलं. त्यांच्याकडेही कसलासा वास येतो. ती म्हणाली, "काकू, तुम्ही चला, तुमचं ऐकतील." मोताळ्यावरून घाट चढून आम्ही गेलो. वर हवा बरी होती. शाळेच्या वऱ्हांड्यात बाया जमल्या होत्या. पोरीनं सगळं समजावलं, आकडे, वेळा, वारा. मग एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई मला म्हणाली, "ते समदं खरं. पन तुमच्या गावचा वास गेला का? एवढं सांगा."

मी पोरीकडे बघितलं. ती काही मदत करायला तयार नव्हती.

"कमी झाला," मी म्हणाले. "मले वाटते, कमी झाला. आमच्या मालकायले तं येतच नाई. शेजाऱ्याले कधी कधी येते. कारखान्याचा किती आन आमचा किती, ते अजून समजलं नाई."

"मंग एवढं करून काय फायदा झाला?"

"पैले आमी भांडत होतो. आता बी भांडतो. पन आता भांडताना नकाशा काढतो," मी म्हणाले. बाया हसल्या, आणि मी खरं बोलले की उगाच काहीतरी बोलले ते मला ठरवता येईना.

ती बाई मात्र हसली नाही. तिनं माझ्या दंडाला धरून मला वऱ्हांड्याच्या कडेला नेलं, बाहेर नाल्याकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाली, "घ्या. आता येऊन राह्यला. येते का नाई तुमाले?"

मी श्वास घेतला. होतं काहीतरी. सडक्या कांद्यासारखं, किंवा ओल्या राखेसारखं. ओठांवर आलं होतं, पण मी थांबले. मी आधी सांगितलं तर तिलाही तेच येईल.

"तुमी सांगा आधी," मी म्हणाले. "कायसारखा?"

तिनं पुन्हा एकदा हुंगलं. "भिजलेल्या गोधडीसारखा," ती म्हणाली.

पोरीनं मोबाइल पुढं केला. त्या बाईनं तिचं लिहिलं, मी माझं लिहिलं. मग वारा कुठून आहे ते बघायला आम्ही दोघी पायऱ्या उतरून मैदानात गेलो.